आठ माणसे, सात हजर

आठ नोकरांचे दुकान चालवणाऱ्या चेन्नईतल्या मालकाने एकदा कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडावा. तामिळनाडूच्या १९४७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याच्या पंचविसाव्या कलमानुसार एक वर्ष सलग नोकरी झालेल्या माणसाला पुढच्या वर्षात १२ दिवसांची भरपगारी हक्काची रजा मिळते. आजारपण किंवा अपघात यांसाठी वेगळे १२ दिवस, आणि इतर कोणत्याही वाजवी कारणासाठी किरकोळ रजेचे आणखी १२. एकूण ३६. आठ जणांचे मिळून २८८ दिवस. वर्षाच्या ३६५ दिवसांतून साप्ताहिक सुट्टीचे ५२ आणि राष्ट्रीय दिवस व सणांचे ९ वजा केले की कामाचे ३०४ दिवस उरतात. म्हणजे कोणी खोटे बोलले नाही, कोणी दांडी मारली नाही, प्रत्येकाने कायद्याने दिले तेवढेच घेतले, तरी जवळजवळ रोज एक माणूस कामावर नसणार. मालक मात्र ऑर्डर घेताना आठ हात धरून घेतो आणि सकाळी सात दिसले की आठव्याच्या नावाने बोटे मोडतो.

सतत आजारी पडणाऱ्या नोकराचे काय करायचे, हा प्रश्न छोट्या धंद्यात बहुधा एकाच रूपात विचारला जातो: हा खरेच आजारी असतो की नाटक करतो? त्या एका प्रश्नात तीन निरनिराळे प्रश्न गुंतलेले आहेत. काही आजार खरे असतात, आणि त्यांतले काही तर आपल्याच कामाने दिलेले असतात. काही आजारांच्या नावाखाली दुसरीच गरज भागवली जात असते. आणि उरलेला त्रास कोणाच्या आजाराचा नसतोच. अख्खे काम एकाच माणसाच्या खांद्यावर ठेवल्याचा तो त्रास असतो. तिन्हींवरचे उपाय वेगवेगळे आहेत. एकाचे औषध दुसऱ्याला दिले की माणूसही जातो आणि खाडेही थांबत नाहीत.

गलाईच्या दुकानात

चेन्नईत मराठी माणसाचा खास आपला म्हणावा असा छोटा धंदा म्हणजे गलाई. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या दुष्काळी पट्ट्यातली माणसे जुने सोने गाळून चोख करण्याचे कसब घेऊन देशभर पांगली. विट्याच्या आसपासच्या कित्येक गावांत घरटी एखादा तरी गलाईवाला निघतो. चेन्नईच्या सौकारपेटेत सराफांच्या गल्ल्यांमध्ये त्यांची दुकाने आहेत. दहा बाय बाराची खोली, एक भट्टी, काटा, तिजोरी, वर माळ्यावर झोपायची जागा, आणि कामाला गावाकडची चार-सहा पोरे. मालक तोच शेठ, तोच वस्तादही आणि पुष्कळदा भावकीतला काकाही.

अशा ठिकाणी आजारपणाची रजा कशी असते ते पाहण्यासारखे आहे. सोन्यात मिसळलेली चांदी आणि तांबे वेगळे काढायचे तर ते तेजाबात, म्हणजे नायट्रिक आम्लात, उकळावे लागते. चांदी-तांबे विरघळते, सोन्याची तपकिरी पूड तळाशी राहते. ती धुऊन, टाकणखार घालून मुशीत पुन्हा वितळवली की लगड तयार. तेजाब धातूवर पडले की तांबूस-पिवळा धूर निघतो. हा नायट्रोजन डायऑक्साइड. नाकाला झोंबतो, पण लगेच खाली पाडत नाही. त्याचा फुप्फुसांवरचा खरा परिणाम काही तासांनी, कधी रात्री उशिरा जाणवतो. संध्याकाळी धडधाकट दिसलेला पोरगा रात्रभर खोकतो आणि सकाळी उठत नाही. शेठ म्हणतो, इथली हवा मानवत नाही याला. हवा मानवत नाही हे खरेच, फक्त ती शहराची नव्हे, खोलीतली. धूर ओढून घेणारा पंखा आणि उंच धुराडे बसवल्याशिवाय त्या पोराच्या रजेवर दुसरा इलाज नाही. त्याला दम देऊन कामावर आणले तर पुढची रजा मोठी होईल.

इतर धंद्यांतही हेच आहे. टी. नगरच्या रंगनाथन स्ट्रीटवरच्या कापडदुकानांत दिवसदिवस उभे राहणाऱ्या मुलामुलींचे पाय सुजणे, कंबर धरणे, शिरा फुगणे हे इतके सर्रास होते की वसंतबालन यांचा ‘अंगाडी तेरु’ हा २०१० चा चित्रपट त्याच जगावर उभा राहिला. २०२१ साली तामिळनाडूने दुकाने कायद्यात दुरुस्ती करून प्रत्येक दुकानात नोकरांना बसायची सोय सक्तीची केली. केरळने तीन वर्षे आधी असेच केले होते. एका स्टुलाने किती खाडे वाचतात याचा हिशेब फार थोड्या मालकांनी मांडला असेल, पण कंबरदुखीची रजा मागणाऱ्याला उभे राहायला लावणारा मालकच असतो, एवढे तरी कायद्याने कबूल केले.

शहराचे पंचांग

कामाने दिलेल्या आजारांत शहराने दिलेल्यांची भर पडते, आणि चेन्नईत त्यांचे वेळापत्रक बऱ्यापैकी ठरलेले आहे. मे महिन्यातला अग्निनक्षत्राचा काळ उन्हाळ्याचा कळस. २०२४ मध्ये राज्य सरकारने उष्णतेच्या लाटेला राज्याची स्वतंत्र आपत्ती म्हणून मान्यता दिली. पोरूरच्या श्री रामचंद्र संस्थेतल्या संशोधकांनी तामिळनाडूतल्या ८०० गरोदर स्त्रियांचा पाठपुरावा केला, तेव्हा उन्हातान्हात किंवा उष्ण जागी काम करणाऱ्यांत गर्भपात आणि मृत अर्भक जन्मण्याचा धोका सुमारे दुप्पट आढळला. भट्टी, लाँड्री, उपाहारगृहाचे स्वयंपाकघर या जागी ‘हिला सारखे गरगरते’ अशी कुरकूर करणाऱ्या मालकाने हा आकडा लक्षात ठेवावा. गरोदरपणातून उद्भवलेल्या आजारासाठी मातृत्व लाभाच्या कायद्याने एक महिन्यापर्यंत जादा भरपगारी रजा दिलेली आहे. ती साध्या आजारपणाच्या बारा दिवसांतून कापायची नसते.

ऑक्टोबर ते डिसेंबर परतीच्या मोसमी पावसाचे दिवस. महाराष्ट्रात पाऊस संपतो तेव्हा इथे सुरू होतो, हे गावाहून नव्याने आलेल्याच्या अंगवळणी पडायला एक वर्ष जाते. या महिन्यांत डेंग्यू असतो. साचलेल्या पाण्यामागून लेप्टोस्पायरोसिस येतो. डोळे येण्याच्या साथीला तर सगळ्या देशाने ‘मद्रास आय’ असे या शहराचेच नाव दिले आहे. डिसेंबर २०२३ च्या मिचाँग चक्रीवादळात अंबत्तूर औद्योगिक वसाहतीत पाणी शिरले, यंत्रे बुडाली आणि वेळच्चेरी, पळ्ळिकरणै भागांतल्या कामगारांची घरेही बुडाली. त्या महिन्यात कोण आजारी, कोण घर धुतोय आणि कोण पोराला दवाखान्यात घेऊन बसलाय, हे हजेरीपटावरून सांगता येण्यासारखे नव्हते.

हे सगळे माहीत असताना मोठी ऑर्डर नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पूर्ण करून द्यायचा शब्द देणे, हा नोकराचा दोष नव्हे.

ऋतूंशी संबंध नसलेले आजार आणखी चिवट. भारतात १०.१ कोटी लोकांना मधुमेह असल्याचा, म्हणजे प्रौढांत ११.४ टक्के प्रमाण असल्याचा २०२३ चा जो अभ्यास गाजला, त्याचे काम चेन्नईच्याच मद्रास डायबिटीज रिसर्च फाउंडेशनने केले. पन्नाशीतल्या अनुभवी कारागिराच्या वरचेवर होणाऱ्या खाड्यांमागे न तपासलेली साखर किंवा रक्तदाब असण्याची शक्यता नाटकापेक्षा कितीतरी जास्त. राज्य सरकारच्या ‘मक्कळै तेडि मरुत्तुवम’ योजनेत ऑगस्ट २०२१ पासून या दोन्ही आजारांची तपासणी आणि गोळ्या दारात पोचतात. वर्षातून एकदा तासभर काम थांबवून सगळ्यांची साखर आणि रक्तदाब पाहून घेणे हा छोट्या मालकाला परवडणारा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

क्षयरोगाचेही तेच. खोकल्यासाठी चौथ्यांदा रजा मागणाऱ्याला क्षय निघाला की घाबरलेला मालक त्याला हिशेब देऊन गावी धाडतो. ज्या शहरात हे घडते त्याच शहरात १९५६ साली सुरू झालेल्या केंद्राने, आज चेटपेटमध्ये असलेल्या राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्थेने, सॅनेटोरियममध्ये ठेवलेला रुग्ण आणि घरी राहून औषधे घेणारा रुग्ण दोघेही सारखेच बरे होतात हे दाखवून दिले. १९५९ च्या या निष्कर्षाने जगभरची सॅनेटोरियमे ओस पडायला सुरुवात झाली. साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा; औषधे नीट लागू पडली तर काही आठवड्यांत रुग्णापासून इतरांना होणारा धोका ओसरतो आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने तो कामावर येऊ शकतो. गावी धाडलेल्याची औषधे मात्र बहुधा मध्येच सुटतात.

आणि सोमवारचा आजार. तामिळनाडूत दारूची किरकोळ विक्री २००३ पासून सरकारी ‘टास्मॅक’कडे आहे. पगारानंतरच्या सोमवारी येणारी ‘पोटात दुखतंय’ची चिठ्ठी मालक आणि नोकर दोघेही ओळखून असतात. इथे दोन टोकाच्या चुका होतात: एकतर हसून सोडून द्यायचे, नाहीतर एके दिवशी संतापून हाकलायचे. व्यसन हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहे. अड्यारजवळ इंदिरा नगरमध्ये शांती रंगनाथन यांनी १९८० साली सुरू केलेल्या संस्थेचे टीटीके रुग्णालय हेच काम करते. आपल्याकडे अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात १९८६ साली उभे केलेले मुक्तांगण मराठी वाचकाला परिचितच आहे. नोकरी टिकवायची असेल तर उपचार घ्यायचा, अशी स्पष्ट अट घालणारा मालक पुष्कळदा बायको-आईपेक्षाही जास्त उपयोगी पडतो, कारण पगाराची गाठ त्याच्या हातात असते.

आजाराच्या नावाखाली

आता दुसरा प्रश्न. सकाळी सात वाजता व्हॉट्सअॅपवर ‘उडंबु सरियिल्लै’, तब्येत बरी नाही, असा निरोप येतो आणि पाठवणारा दुपारी सेंट्रल स्टेशनवर बहिणीला सोडायला गेलेला दिसतो. मालकाच्या मते हा उघड खोटेपणा. पण तो खोटे का बोलला, हे पाहिले की दोष बऱ्याचदा रजेच्या पद्धतीत सापडतो. किरकोळ रजा कायद्याने वेगळी असली तरी अनेक दुकानांत ती दिलीच जात नाही. ‘बहिणीला सोडायला जायचंय, अर्धा दिवस द्या’ म्हटले की ‘आजच जायचंय का?’ हे उत्तर ठरलेले. आजारी आहे म्हटल्यावर मात्र कोणी वाद घालत नाही. खरे बोलणाऱ्याचा पगार कापला जातो आणि खोटे बोलणाऱ्याचा वाचतो, अशी व्यवस्था मालकानेच लावलेली असते.

गलाईच्या दुकानातल्या पोरांच्या बाबतीत हे आणखी ठळक. गाव हजार किलोमीटरवर. जत्रा, पेरणी, चुलतभावाचे लग्न, म्हातारीचे डोळ्याचे ऑपरेशन यांतले काहीच दोन दिवसांत आटपत नाही. गेलेला पोरगा आठ दिवसांची सुट्टी घेऊन जातो आणि बाराव्या दिवशी गावातल्या डॉक्टरचा दाखला फोनवर धाडतो. तामिळ नोकरांना पोंगल आणि आडी महिन्यातले उत्सव, बिहार-ओडिशाहून आलेल्यांना छठ किंवा धानाची कापणी. या तारखा वर्षभर आधी माहीत असतात. जानेवारीतच भिंतीवर एक कॅलेंडर लावून प्रत्येकाने आपल्या गावच्या तारखा त्यावर लिहायच्या आणि एका वेळी किती जणांना सोडता येईल ते तिथेच ठरवायचे, एवढे केले तरी वर्षातले बरेच ‘आजार’ आधीच कळवलेल्या रजा बनतात. आधी कळलेली रजा धंद्याला सोसते. सकाळी सातला कळलेली सोसत नाही.

महाराष्ट्रातल्या मालकाने इथे एक फरक ध्यानात घ्यावा. महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यात वर्षाला आठ दिवसांची किरकोळ रजा आहे आणि कामाच्या दर वीस दिवसांमागे एक दिवस हक्काची रजा साठते. आजारपणाचे वेगळे खाते नाही. अंबत्तूर किंवा गिंडीच्या वसाहतीतले वर्कशॉप कारखाना म्हणून नोंदलेले असेल तर त्याला दुकाने कायदा लागत नाही. तिथेही वीसास एक याच प्रमाणात हक्काची रजा असते आणि आजारपणाची जबाबदारी मुख्यतः कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) योजनेवर येते. म्हणून शेजारच्या मालकाची पद्धत उचलण्याआधी आपण कोणत्या कायद्याखाली येतो ते पाहावे.

मोजायचे कसे

छोट्या धंद्यात तक्रार पुष्कळ आणि नोंद शून्य, अशी स्थिती असते. ‘तो सारखाच आजारी असतो’ म्हणजे वर्षात किती दिवस, किती वेळा, कोणत्या वारी, हे विचारले की मस्टरची पाने उलटावी लागतात. नुसते दिवस मोजूनही भागत नाही. बारा दिवस डेंग्यूने सलग झोपलेला आणि बारा सोमवार सुटे घेतलेला यांचे दिवस सारखेच. पण पहिल्याच्या जागी बदली माणूस लावता येतो, दुसऱ्याच्या बाराही सकाळी धावपळ होते.

हा फरक आकड्यात बसवण्यासाठी ब्रिटनमध्ये ब्रॅडफर्ड गुणांक वापरतात. बावन्न आठवड्यांत माणूस किती वेळा गैरहजर राहिला त्या संख्येचा वर्ग करायचा आणि एकूण दिवसांनी गुणायचे. पहिल्याचा गुणांक १ × १ × १२, म्हणजे १२. दुसऱ्याचा १२ × १२ × १२, म्हणजे १,७२८. सुट्या खाड्यांनी होणारी ओढाताण यात लख्ख दिसते. पण हत्यार दुधारी आहे. अर्धशिशी, दमा, पाळीचा तीव्र त्रास, डायलिसिस यांमुळे होणारे खाडे मुळातच एकेका दिवसाचे असतात. गुणांकाच्या नजरेत असे खाडे घेणारी माणसे अट्टल कामचुकार ठरतात. म्हणून हा आकडा बोलणे सुरू करण्यापुरता घ्यावा, निकाल देण्यापुरता नव्हे. आठ माणसांच्या दुकानात तर गुणांकाचीही गरज नाही. हजेरीपटावर आजाराचा खाडा लाल आणि बाकीचा निळा, एवढी खूण सहा महिने इमानदारीने केली तरी कोणाचे काय चालले आहे ते दिसते.

दाखल्याचा आग्रह हा दुसरा आवडता उपाय. एका दिवसाच्या तापासाठी दाखला मागितला की माणूस डॉक्टरांच्या रांगेत अर्धा दिवस घालवतो, फी देतो, आणि डॉक्टर ‘तीन दिवस विश्रांती’ लिहून मोकळे होतात. एका दिवसाचा खाडा तीन दिवसांचा झाला. ब्रिटनमध्ये पहिले सात दिवस नोकराने स्वतःच लिहून द्यायचे असते. जर्मनीत साधारण नियम असा की आजार तीन दिवसांपेक्षा लांबला तर दाखला, आणि मालकाला गरज वाटल्यास आधीही मागता येतो. छोट्या धंद्याला हाच मार्ग बरा: पहिल्या दोन-तीन दिवसांसाठी विश्वास, त्यापुढे कागद, आणि ज्याच्या खाड्यांची विशिष्ट ठेवण दिसते त्याला पहिल्या दिवसापासून कागद. नियम सगळ्यांना आधी सांगितलेला असावा; भाच्याला एक आणि परक्याला दुसरा असा असू नये.

तिसरा उपाय हजेरीच्या बक्षिसाचा. महिनाभर एकही खाडा नाही तर पाचशे रुपये जास्त. दिसायला सोपा, पण डोळे आलेला माणूस गॉगल लावून येतो आणि चार दिवसांत अख्खी खोली डोळे चोळत बसते. जर्मनीत एका किरकोळ विक्रीच्या साखळीतल्या शिकाऊ उमेदवारांना असे रोख बक्षीस देऊन पाहिले, तेव्हा खाडे कमी होण्याऐवजी वाढले; हजर राहणे हे कर्तव्य होते, ते आता विकत घ्यायची गोष्ट झाली, असा त्याचा अर्थ संशोधकांनी लावला. उलट अमेरिकेतल्या ज्या शहरांनी भरपगारी आजारपणाची रजा सक्तीची केली तिथे फ्लूसारख्या आजारांचा फैलाव घटल्याचे अभ्यासांत दिसले. आजारी माणूस घरी राहणे हा एका अर्थी धंद्याचाच फायदा आहे.

या सगळ्यांपेक्षा जास्त उपयोगी पडते ते परतल्यावरचे पाच मिनिटांचे बोलणे, आणि नेमके तेच छोट्या दुकानांत होत नाही. चौकशीचा सूर नको. ‘आता बरं आहे ना? औषध किती दिवस चालू राहणार? कोणतं काम काही दिवस नको?’ एवढेच पुरे. आजाराचे नाव सांगायची सक्ती नको, पण काय जमेल आणि काय जमणार नाही ते कळायला हवे. जो खरोखर आजारी होता त्याला कोणीतरी विचारले याचे समाधान मिळते. जो नव्हता त्याला आपल्याकडे लक्ष असल्याचे कळते. दोघांपैकी कोण कोणता, हे ठरवण्याची गरजही बऱ्याचदा उरत नाही.

ईएसआय: अर्धवट ओळखीचा सोबती

लांब आजारपणाचा भार एकट्या मालकाने उचलायचा नसतो, ही कल्पना भारतात मांडणाऱ्यांत बी. पी. आदारकर हे अर्थतज्ज्ञ प्रमुख. १९४३ साली त्यांची नेमणूक झाली आणि १९४४ मध्ये त्यांनी औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याचा आराखडा दिला. तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. त्या आराखड्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला आणि फेब्रुवारी १९५२ मध्ये कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि ही योजना आता सामाजिक सुरक्षा संहितेखाली चालते.

दहा किंवा अधिक माणसे असतील तर ती सक्तीची. पगाराची मर्यादा महिना २१,००० रुपये. मालकाचा वाटा ३.२५ टक्के, कामगाराचा ०.७५. पंधरा हजार पगारावर मालकाचे साधारण ४८८ रुपये आणि कामगाराचे ११३. बदल्यात कुटुंबासह उपचार; चेन्नईत के. के. नगर आणि अयनावरम इथे या योजनेची मोठी रुग्णालये आहेत. शिवाय आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत सरासरी पगाराच्या ७० टक्के रोख, आणि क्षय, कर्करोग अशा ३४ दीर्घ आजारांत ठरावीक अटींवर दोन वर्षांपर्यंत ८० टक्के.

यातली मेख अशी की आजारपणाच्या पहिल्या दोन दिवसांचे सहसा काही मिळत नाही, आणि ज्या दिवसाचा पगार मालक देतो त्या दिवसाची भरपाईही मिळत नाही. म्हणजे सुटे खाडे मालकाच्या खात्यावर आणि लांबलेले आजार योजनेच्या, अशी वाटणी आपोआप होते. अनेक मालक नेमके उलटे करतात: एका दिवसाचा पगार कापतात आणि महिनाभर अंथरुणाला खिळलेल्याला ‘गावी जाऊन बरा होऊन ये’ म्हणून उचल देऊन पाठवतात. उचल फिटत नाही, माणूस परत येत नाही. दोघेही दर महिन्याला ज्या योजनेत पैसे भरत होते तिचे दार कोणीच वाजवलेले नसते.

दहापेक्षा कमी माणसे असतील तर नव्या संहितेत स्वेच्छेने सामील होण्याची वाट आहे. राज्याची मुख्यमंत्री आरोग्य विमा योजना वार्षिक १.२ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांचा रुग्णालयाचा खर्च उचलते; बुडालेला पगार नव्हे.

काढून टाकायचे का?

सगळे करून झाले आणि तरीही खाडे थांबत नाहीत, तेव्हा हा प्रश्न येतो. त्याचा कायद्यातला इतिहास मद्रासच्याच एका गिरणीतून जातो. १९१८ साली मद्रास लेबर युनियन ज्या कामगारांतून उभी राहिली त्या बकिंगहॅम अँड कर्नाटिक मिलमधला एक कामगार रजेवर गेला, रजा संपल्यावरही आला नाही आणि नंतर वैद्यकीय दाखला घेऊन हजर झाला. सलग आठ दिवस न सांगता गैरहजर राहिलेल्याने नोकरी सोडली असे धरावे, या मिलच्या स्थायी आदेशावर बोट ठेवून कंपनीने दार बंद केले. आजारपणाच्या काळात शिक्षा किंवा बडतर्फी करू नये, असे ईएसआय कायद्याचे ७३वे कलम सांगत होते. साठच्या दशकाच्या सुरुवातीला सर्वोच्च न्यायालयाने निकाल कंपनीच्या बाजूने दिला: ही शिक्षा नव्हे, नियमाने आपोआप संपलेली नोकरी.

हा ‘आपोआप’ फार काळ टिकला नाही. १९९३ साली डी. के. यादव प्रकरणात त्याच न्यायालयाने ठरवले की माणसाचे म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय, चौकशीशिवाय असे नाव कमी करता येणार नाही. २०१२ च्या कृष्णकांत परमार प्रकरणात आणखी एक पायरी चढली: गैरहजेरी हेतुपुरस्सर होती हे सिद्ध व्हायला हवे, आजारपण, अपघात, रुग्णालय यांमुळे आलेली गैरहजेरी हेतुपुरस्सर नव्हे. तामिळनाडूच्या दुकाने कायद्याचे ४१वे कलम त्याच वाटेचे आहे. सहा महिने सलग काम केलेल्याला वाजवी कारण आणि एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार दिल्याशिवाय काढता येत नाही. गैरवर्तनाचा आरोप चौकशीत पुराव्यानिशी शाबित झाला तरच नोटिशीतून सूट.

छोट्या मालकाला हे जाचक वाटते, पण यात त्याच्या सोयीचेही आहे. सवयीने न सांगता गैरहजर राहणे हे कायद्याच्या लेखी गैरवर्तन आहेच. फक्त ते कागदावर दाखवावे लागते. तारखा, दिलेल्या समजा, मागितलेले दाखले आणि नोकराचे उत्तर. हे सगळे ज्याच्याकडे आहे त्याला बहुधा काढायची वेळच येत नाही, कारण दुसऱ्या लेखी समजेनंतर माणूस एकतर सुधारतो किंवा स्वतःच हिशेब मागतो. ज्याची तब्येत खरोखरच कायमची ढासळली आहे त्याचा मार्ग वेगळा. त्याच्यावर गैरवर्तनाचा शिक्का मारू नये. हलके काम देऊन पाहावे, आणि तेही नसेल तर ग्रॅच्युइटीसह सगळे देणे चुकते करून निरोप द्यावा.

सात धरून चालणे

उरला तिसरा प्रश्न, ज्याकडे मालकाचे लक्ष सर्वांत कमी जाते. एका माणसाच्या एका दिवसाच्या तापाने दुकान का थांबते? कारण काटा फक्त त्यालाच लावता येतो, लेथवरचे ते एक काम फक्त त्यालाच येते, जीएसटीचा पासवर्ड फक्त त्याच्याच फोनमध्ये आहे. प्रत्येक कामाला दुसरा जाणकार तयार करणे, हा आजारपणाच्या रजेवरचा खरा उपाय आहे, आणि तो एकाही आजारी माणसाला हात न लावता करता येतो. महिन्यातून एक दिवस कामांची अदलाबदल करावी. ज्याचा हात बसलेला नाही त्याच्याकडून त्या दिवशी काम मंद होईल. ती त्या शिक्षणाची फी. आणि ऑर्डर घेताना सातच माणसे धरावीत. ज्या दिवशी आठवा येईल त्या दिवशी पुढचे काम उरकेल.

तरीही चार माणसांच्या दुकानाला दुसरा जाणकार कुठून आणायचा, ही अडचण खरी आहे आणि ती एकट्याने सुटणारी नाही. जर्मनीत आजारी कामगाराला सहा आठवडे पूर्ण पगार मालकाने द्यायचा असतो. तीस किंवा त्याहून कमी माणसांच्या धंद्यांना हे झेपत नाही म्हणून त्यांच्याकडून एक छोटी वर्गणी सक्तीने घेतली जाते आणि आजारपणात दिलेल्या पगाराचा मोठा भाग, ८० टक्क्यांपर्यंत, त्या निधीतून परत मिळतो. चेन्नईच्या वसाहतींत उत्पादकांच्या संघटना आहेत, गलाईवाल्यांच्याही आपल्या संघटना आहेत. अडीअडचणीला, पोलिसांच्या चौकशीला, गावच्या मंदिराच्या वर्गणीला त्या धावून जातात. दर दुकानामागे महिन्याला ठरावीक रक्कम, आजारी कामगाराच्या पगाराची अंशतः भरपाई आणि एका दुकानाचा कारागीर दुसऱ्याला आठ दिवस उसना देण्याची लेखी रीत, एवढे ठरवायला सरकारची वाट पाहावी लागत नाही. सोन्याच्या धंद्यात परक्याचा माणूस आपल्या भट्टीपाशी बसवणे सोपे नाही, हे मान्य. पण उसना माणूस संघटनेच्या जबाबदारीवर येत असेल तर निदान त्याच्या गावाचा आणि घरच्यांचा पत्ता असतो. ऐन हंगामात नाक्यावरून रोजंदारीने उचललेल्या अनोळखी माणसाचा तोही नसतो.